तेलाला थंडी सोसत नाही

इच्छापोर, सुरत
५ नोव्हेंबर २०२४

मालती फुईला भाचा ललित याचा दंडवत.

फुई, ड्रम घरी पोचला असेल. आपला हेमराजदादा इथल्या मंडईत भाजी उतरवून गावाकडं परत निघाला तेव्हा मी आणि माझ्या खोलीतला आनंदा, दोघांनी तो पिकअपमध्ये चढवला. दादा हसला, म्हणाला, दिवाळीला सेठनं मिठाईच्या जागी तेल दिलं का रे? मिठाई पण दिली. पाव किलो. ती आम्ही दोघांनी उभ्या उभ्याच संपवली.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितो. अक्षराला हसू नको. मला जे काही लिहिता येतं ते तुझ्या बालवाडीतलं, पुढं सातवीपर्यंत नुसता बाक झिजवला.

एका जागी बूड टेकत नाही तुझं, असं तू म्हणतेस ते खरं आहे. कतारगामला हिरे घासायच्या घंटीवर चार महिने बसलो, मान धरली. मग नवागामला साड्यांच्या घड्या घातल्या, तिथं मुकादमाशी वाजलं. पण इथं सहा महिने टिकलो बघ. आमच्याकडं बायोडिझेल बनतं. म्हणजे डिझेलच, फक्त जमिनीतून काढलेलं नाही.

मग कशातून, हे तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो. करंजाच्या बियांतून. आपल्या नाल्यावर आहेत ना, तशाच. तू मठातल्या बाबांकडून उपदेश घेतलेली बाई, अंड्याच्या टोपलीला पदर लागला तरी आंघोळ करणारी. तुला चालणार नाही असलं काम मी करेन का?

योगिताला सांग, भाऊबीजेला आलो नाही म्हणून रुसू नको. जानेवारीत मी मामा होणार तेव्हा येतो. तिला दवाखान्यात न्यायला दादाची गाडी आहे आणि गाडीत घालायला माझं तेल आहे. मी नसलो तरी तेल असेल.

तुझा
ललित


मु. उंबरपाटा, ता. साक्री
१४ नोव्हेंबर २०२४

चि. ललित यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, पण 'मिठाई'ची ई दोन्ही ठिकाणी ऱ्हस्व काढलीस.

तुझ्या तेलाची गावात बरीच चर्चा झाली. हेमराजनं चार खेपा केल्या. पिकअपचा काळा धूर गेला आणि मागं पापड तळल्यासारखा वास सुटतो म्हणे. पोरं गाडीमागं पळतात. निम्मा ड्रम संपल्यावर मी त्याचं झाकण लावलं आणि हेमराजला सांगितलं, आता हात लावायचा नाही. हे चांगलं तेल योगिताच्या दिवसासाठी राखून ठेवायचं.

कारण तुला सांगायला हवं. योगिता परवा माहेरी आली. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ पायाळू आहे. घरी करायचं नाही, कळ आली की तडक निघायचं, असं बजावून सांगितलंय. इथून धुळं म्हणजे दोन तास. म्हणून ही खेप झाली की पिकअप दाराशीच उभी राहील.

हेमराजबरोबर एक पोतं पाठवते आहे. चैत्रात वेचलेल्या करंजाच्या बिया आहेत, दिव्याच्या तेलासाठी ठेवल्या होत्या. तुझ्या सेठला दे. म्हणावं माझ्या फुईनं दिल्या, पैसे नकोत. लेकराला पोटाशी धरून ठेवलंस, तेवढंच पुष्कळ.

एक विचारते. हेमराज म्हणाला, ललितनं मला फाटकाच्या आत घेतलं नाही, बाहेरच चहा पाजला. असं का रे? घरचा माणूस होता.

तुझी
मालती फुई


इच्छापोर
२५ नोव्हेंबर २०२४

फुईला दंडवत.

पोतं मिळालं. सेठ खूश झाला. तुला नमस्कार सांगितला आहे.

दादाला आत घेतलं नाही कारण आत परवानगी लागते. आगीची भीती असते. दुसरं काही नाही.

आता काम सांगतो. इथं सकाळी गारठा पडायला लागला आहे. तुमच्याकडं जास्त असेल. हेमराजदादाला सांग, ह्या तेलाला थंडी सोसत नाही, तेव्हा थंडीत जपा. विसरू नको, फुई. नीट जपा.

योगिताला नाचणीची भाकर देत जा. घाईत आहे.

ललित


उंबरपाटा
६ डिसेंबर २०२४

चि. ललित यास आशीर्वाद.

तुझं पत्र एवढं त्रोटक आलं की मी पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी कागद राहिला का म्हणून.

जपा म्हणालास, जपलं. पत्र वाचल्या दिवशीच ड्रम पडवीतून आत घेतला. तुझ्या आईच्या लुगड्यांची थोरली गोधडी होती ना, ती भोवती गुंडाळली आणि वरून सुतळी बांधली. योगिताच्या खोलीत शेगडी असतेच, तिथं कोपऱ्यात ठेवलाय. योगिता म्हणते, फुई, हा माझ्याआधीच बाळंत झाला. शेजारची धुरपदाबाई आली, तिनं ड्रमाला कुंकू लावायचंच बाकी ठेवलं.

तेल मधासारखं सोनेरी, पातळ आहे, काळजी करू नको. रोज सकाळी झाकण काढून बघते. बाहेर मात्र थंडी अशी की हंड्यातलं पाणी हाताला चावतं. खोबरेलाची बाटली दगड झाली आहे.

पौर्णिमा झाली की हेमराज टाकी भरून ठेवणार आहे, ऐनवेळी धावपळ नको.

तुझ्या पत्रात सेठ खूश झाला असं आहे. बियांना कीड आहे, असं त्यानं काही म्हटलं नाही का? पोत्याच्या तळाला होती थोडी. मला वाटलं, बियांची पारख असलेला माणूस तेवढं तरी म्हणेल.

मालती फुई


इच्छापोर
१५ डिसेंबर २०२४

फुई,

दंडवत लिहायची माझी लायकी नाही म्हणून लिहिलं नाही.

तुझं पत्र काल मिळालं. आठ दिवस कुठं पडलं होतं कोण जाणे. गोधडीचं वाचलं. पत्र हातात घेऊन मी बॉयलरमागं बसलो होतो. आनंदा येऊन म्हणाला, कोण मेलं का रे? मी म्हटलं, अजून नाही.

ड्रम फेकून दे. टाकी भरली असेल तर रिकामी करायला लाव, आजच. पंपाचं डिझेल भरा. हे पत्र वाचून झाल्यावर नाही, इथंच थांब, आधी हेमराजला सांगून ये, मग पुढं वाच.

ते करंज नाही. चरबी आहे. जनावराची. कुठल्या जनावराची ते मी विचारलं नाही, तूही विचारू नको. टँकर येतो, त्याला वाफ देऊन आतला गोळा पातळ करावा लागतो, तेव्हा तो उतरतो. तो वास कपड्यातून जात नाही, म्हणून दादाला फाटकात घेतलं नाही. म्हणून भाऊबीजेला आलो नाही. मी दारात पाय ठेवला असता आणि तुला कळलं असतं. तुला ऐकू येत नाही पण वास तुला दोन घरं पलीकडचा येतो.

आमच्या लॅबमध्ये शालिग्रामभाऊ आहेत, अमळनेरकडचे. त्यांनी मला फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली दाखवली. हे तेल सोळा डिग्रीला ताकासारखं गढूळ होतं. बाराला बाटली उलटी केली तरी खाली पडत नाही. पांढरं, वनस्पती तुपासारखं. इथं सुरतेत सुद्धा सकाळी पाइप तुंबतात, आम्ही पोती गुंडाळून त्यावर गरम पाणी ओततो. आणि तुमच्याकडं खोबरेलाचा दगड झालाय. शालिग्रामभाऊंना मी विचारलं, दिवाळीला आम्हाला दिलं ते? ते म्हणाले, अरे ते थंडीच्या परीक्षेत नापास झालेलं, बाहेर विकता येईना म्हणून तुम्हाला वाटलं. हिवाळ्यात वापरू नका असं सेठनं सांगितलं नाही का?

कुणी काही सांगितलं नाही. मला हे पंचवीस नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी कळलं. मग मी तुला ते पत्र लिहायला बसलो. थिजतं असं लिहिलं तर तू म्हणशील, करंज असं कसं थिजतं, म्हणून ते खोडलं. वापरू नका लिहिलं तर दादा विचारेल का, म्हणून ते खोडलं. शेवटी 'जपा' लिहिलं. मला म्हणायचं होतं, त्याच्यापासून जपा. 'त्याच्यापासून' एवढा एक शब्द मी गिळला, आणि तू त्याला आईची गोधडी पांघरलीस. ड्रम पडवीत राहिला असता तर एका सकाळीत थिजला असता, तुम्हाला डोळ्यांनी दिसलं असतं. माझ्या खोट्यानं आणि तुझ्या मायेनं मिळून त्याला पातळ ठेवलं.

काल हेमराजदादाला फोन लावला. म्हटलं, दादा, ते तेल गाडीत घालू नको. तो म्हणाला, "देयेल चीज परत मांगस का रे भो?" मागं चारपाच जण हसले. त्याचा तो बटणांचा फोन, स्पीकर कायम चालू. मी म्हटलं, दिलेलं परत मागत नाही, तेल खराब आहे. तो म्हणाला, येड्या, मी आत्ताच बघितलं, मधासारखं आहे. मग मला चरबी हा शब्द तोंडातून काढता आला नाही. त्या चारपाच जणांच्या समोर, तुझ्या अंगणात. फोन ठेवला. परत लावला तर उचलत नाही.

म्हणून हे स्पीडपोस्टनं पाठवतो. पोस्टातली बाई म्हणाली, तीन चार दिवस. मी म्हटलं, दोन करा. ती म्हणाली, भाई, मैं थोडी लेके जाऊँगी.

तुझ्या बियांचं पोतं माझ्या खाटेखाली आहे. सेठला दिलंच नाही. सेठला करंज म्हणजे काय तेही माहीत नाही.

टाकी रिकामी कर.

ललित


धुळे, सरकारी दवाखाना
२० डिसेंबर २०२४

ललित,

तुझं पत्र काल धुडकू पोस्टमननं घरी टाकलं, धुरपदाबाईनं इथं पाठवलं. वाचलं. आता माझं वाच.

सतराच्या सकाळी साडेपाचला योगिताला कळा आल्या. दिवस भरायला महिना होता. सरकारी गाडीला फोन केला, ती दुसऱ्या बाईला घेऊन गेली होती. पिकअपची टाकी आदल्या संध्याकाळी भरलेली. मागं गोधड्या घातल्या, गरम विटा फडक्यात बांधून घेतल्या, थर्मास घेतला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. हेमराजनं माझ्याकडं बघून अंगठा दाखवला, म्हणजे ललितचं तेल.

पाच किलोमीटरवर गाडी आचके द्यायला लागली. मला आवाज येत नाही पण फळीतून पायाला कळलं. मग पायाखालचं सगळं शांत झालं. दोन्हीकडं कांद्याची शेतं, पातीवर दव पांढरं झालेलं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. हेमराजनं बॉनेट उघडलं, फिल्टर सोडवून माझ्यासमोर धरला. आत पांढरा गोळा होता.

मी त्याला बोट लावलं आणि बोट नाकाशी नेलं. ललित, मी जन्मभर लोणी कढवलेली बाई आहे. तूप कसं थिजतं, खोबरेल कसं थिजतं, करंज कसं दाट होतं, हे मला तू शिकवायचं नाहीस. रोज झाकण काढत होते तेव्हाही तो वास येत होता. मी स्वतःला सांगत होते, कारखान्याचा असेल. सेठ बियांना नावं ठेवत नाही हे वाचलं तेव्हाही मला कळलं होतं आणि मी कळू दिलं नाही. तेवढा दोष माझा.

थर्मासमधलं पाणी फिल्टरवर ओतलं. गाडी चालली, शंभर पावलं. परत बंद. उरलेलं पाणी ओतलं. पन्नास पावलं. मग पाणी संपलं. विटा योगिताच्या पोटापायाला होत्या, त्या मी काढू देईना. हेमराज मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होता आणि बॉनेटवर हात आपटत होता. मी त्याच्या हातातून तो फिल्टर घेतला, लुगड्याचा ओचा सोडला आणि पोटाशी धरला. उघड्या पोटाशी. चरबी वितळून कमरेपर्यंत उतरली. एका हातानं ते धरलं होतं आणि दुसरा हात योगितानं धरला होता. ती इतकी दाबत होती की माझी बांगडी मोडली.

गाडी परत काही सुरू झाली नाही. टाकीतच सगळा लोण्याचा गोळा झाला होता. बाळ तिथंच झालं. पाय आधी आले. मी फिल्टर टाकला, हात तसेच, धुवायला पाणी नव्हतं. त्याच हातांनी ओढून घेतलं. मुलगी आहे. निळी होती. उलटी धरली, पाठ चोळली, तोंडातलं बोटानं काढलं. ती रडली की नाही हे मला कसं कळणार? मी हेमराजच्या तोंडाकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले, "रडनी माय, रडनी." पण त्याचे डोळे तसं म्हणत नव्हते.

मग दुधाचा टेम्पो आला, त्यानं आणलं. योगिता ठीक आहे, तीन बाटल्या रक्त चढलं. मुलगी काचेच्या पेटीत आहे. दीड किलो. वर दिवा लावून उबेत ठेवली आहे. आत एकालाच सोडतात, तेही लांबून. मी काचेला डोळा लावून बघते. तोंड उघडतं, मिटतं. नर्स बोलते, डॉक्टर बोलतात, हेमराज बोलतो, सगळे हसून म्हणतात, रडते, चांगली रडते. माझ्याशी सगळेच गोड बोलतात, ललित. बहिऱ्या माणसाशी खोटं बोलणं फार सोपं. तू तर कागदावर बोललास.

मठात बाबांना मी काही विचारलेलं नाही. विचारलं तर ते प्रायश्चित्त सांगतील, आणि त्यासाठी आधी पश्चात्ताप हवा. ती चरबी मी पोटाशी धरली ह्याचा मला पश्चात्ताप होत नाही. उद्या वेळ आली तर परत धरीन. तू तुझं बघ.

एक काम कर. हेमराज तुझ्यावर चिडलेला आहे, पण मी त्याला सांगितलंय, ललितचा फोन आला की उचलायचा आणि पेटीच्या दाराशी धरायचा. तू ऐक. आणि ती रडते का, कशी रडते, ते मला लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नको. आहे तसं लिही.

मालती


सुरत, एसटी स्टँड
२४ डिसेंबर २०२४

फुई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. सोबत घेऊन येतो. तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत तुझ्यासमोर उभा राहीन. मारलंस तरी चालेल.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. लगेच फोन लावला. त्या दिवसानंतर पाच दिवस दादानं उचलला नाही, मग मी लावायचं सोडलं होतं, आज पहिल्या रिंगला उचलला. मी म्हटलं, दादा, स्पीकर चालू आहे का? तो म्हणाला, हो. किती जण आहेत? तो म्हणाला, बारा पंधरा, नर्स पण आहे. मी म्हटलं, मग ऐका. ते करंजाचं नव्हतं, चरबीचं होतं, मला माहीत होतं, थंडीत थिजतं हेही माहीत होतं, मी सांगितलं नाही. मालतीबाईला काही माहीत नव्हतं. हे मी चौदा तारखेला बोलायला हवं होतं, तेव्हा नुसते चारपाच जण होते.

कुणी हसलं नाही. दादा म्हणाला, संपलं का तुझं? चल, आता पोरीचं ऐक. आणि त्यानं फोन आत धरला.

फुई, आता सांगतो ते जसं ऐकलं तसं सांगतो.

आधी काहीच आलं नाही. मशीनची टिकटिक. मी मनात शंभरपर्यंत मोजायला लागलो, मला वाटलं तुम्ही सगळे मिळून मला शिक्षा करताय. बेचाळीसला आवाज आला. मोठा नाही. दवाखान्यातले म्हणतात चांगली रडते, ते खोटं आहे. फार बारीक आहे. मांजराचं पिल्लू पोत्यात असावं तसा. एकदा येतो, मग थांबतो. इतका थांबतो की माणसाला वाटतं झालं. आणि मग परत येतो. आमच्या इथं सकाळी तुंबलेल्या पाइपवर गरम पाणी ओतलं की असंच होतं, आधी काही नाही, मग एक धार, तुटते, मग परत धार. वाहती आहे का बंद झाली ते नक्की सांगता येत नाही. हात लावून उभं राहावं लागतं.

मी सात वेळा ऐकला. सात वेळा थांबला आणि सातही वेळा परत आला. आठव्याच्या आधी माझा बॅलन्स संपला का दादाचं चार्जिंग, फोन कटला. आठवा मी ऐकलेला नाही, म्हणून लिहीत नाही.

गाडी लागली. काम सोडलं. बियांचं पोतं बरोबर आहे, कंडक्टर म्हणतो टपावर टाक, मी म्हटलं मांडीवर घेतो.

ललित